पाहुण्याला कळू न देता

नोकरीची सगळी वर्षं हॉटेलांच्या इंजिनिअरिंग विभागात काढली, बहुतेक मुंबई-गोव्यात, तळघरातल्या चिलरच्या घरघरीत. वीज वाचवण्याबद्दल नव्या पोरांना जे सांगत आलो, तेच इथे.

१. पाहुण्याला उपदेश करू नका. रात्रीचे आठ-दहा हजार मोजणारा माणूस एसी १८वर लावणारच. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. ते लॉबीत आणि बँक्वेट हॉलमध्ये अमलात आणा, तिथलं बटण आपल्या हातात असतं. आणि रिकाम्या खोल्यांकडे बघा. चेक-आउटनंतर साफसफाई चालू असते तेव्हा एसी पूर्ण जोरात आणि बाल्कनीचं दार सताड उघडं! गोव्याच्या पावसाळ्यात त्या दारातून ओलावा आत येतो आणि चिलरची निम्मी ताकद हवा सुकवण्यातच जाते. हाउसकीपिंगच्या मुलाला रागावून उपयोग नाही, त्यालाही उकडतं. दारालाच स्विच बसवा. दार उघडलं की एसी बंद.

२. खोलीची वीज चालू-बंद करणाऱ्या चावीच्या खाचेवर फार विसंबू नका. तिथे व्हिजिटिंग कार्ड खुपसून माणसं खुशाल जेवायला जातात. जुनं एटीएम कार्डही चालतं.

३. खरा पैसा पंखे आणि पंपांत आहे. त्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग २० टक्के उतरवला की ती जवळपास निम्म्यावर येते. भटारखान्याचा एक्झॉस्ट मात्र सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकाच जोरात, शेगडी पेटलेली असो वा नसो. शिवाय तो आपणच पैसे मोजून गार केलेली हवा बाहेर फेकतो. तिथे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवा, पण आधी शेफला विचारा. खरोखर विचारा. न विचारता बसवलेला व्हीएफडी आठवड्याभरात बायपास होतो, आणि कोणी केला ते कुणालाच माहीत नसतं.

४. गरम पाण्याच्या तापमानात काटकसर नको. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर न्यूमोनियाची साथ आली, माणसं दगावली. त्या शोधातून सापडलेला जिवाणू लिजिओनेला. कोमट पाणी ही त्याची आवडती जागा. टाकीतलं पाणी ६० अंशांखाली उतरवून वाचवलेली वीज मला नको. बचत करायची तर हीट पंप घ्या. एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता मिळते, आणि त्यातून निघणारी गार हवा लॉन्ड्रीकडे वळवली की इस्त्रीवाले दुवा देतात.

५. टॉवेलची चिठ्ठी हा पहिल्या मुद्द्याला अपवाद. गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. ‘पर्यावरण वाचवा’ या विनंतीपेक्षा ‘याच खोलीत उतरलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला’ हे वाक्य जास्त चाललं. आपल्याकडची अडचण वेगळीच. पाहुणा टॉवेल नीट दांडीवर टांगतो, आणि सुपरवायझर ओरडेल म्हणून मुलं तोही बदलतात. आधी सुपरवायझरशी बोला.

६. मालकाला पटायला हवं. विठ्ठल कामतांचं विलेपार्ल्याचं ऑर्किड हॉटेल पर्यावरणस्नेही ‘इकोटेल’ म्हणून गाजलं. त्यांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे पुस्तक वाचलेले मालक मला पुष्कळ भेटले, मीटरच्या खोलीत उतरलेले क्वचित. त्यांच्याकडे गच्चीवरचं सोलर मागण्याआधी सब-मीटर मागा. भटारखाना, लॉन्ड्री, बेकरी, चिलर, सगळ्यांना वेगळे. बिल एकच असलं की प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. आमच्याकडे मीटर लागले त्याच महिन्यात बेकरीवाला स्वतःहून विचारायला आला, ‘साहेब, ओव्हन तीनऐवजी चारला लावला तर चालेल का? पाव तसेही पाचशिवाय आत जात नाहीत.’