गावातील हात व गावातील काम : प्रशिक्षण-अनुदानाच्या अर्जास मजुरांच्या आकडेवारीचा आधार

श्रीगोंदे तालुक्यात दरवर्षी एक विसंगती दृष्टीस पडते. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि ऊस तोडण्यासाठी बीड, पाथर्डी, आष्टी या बाजूंच्या टोळ्या गाडी-बैलांसह येथे येऊन उतरतात. पौषात कांद्याच्या लागणीला माणूस मिळत नाही, म्हणून बागाईतदार शेजारच्या गावी टेम्पो पाठवितो. त्याच तालुक्यातील जिरायत गावांत मात्र वैशाख-ज्येष्ठात तरुण पारावर बसून असतात. काम आहे आणि हातही आहेत. परंतु कामाचा महिना व हातांचा महिना निराळा, आणि कामास लागणारे कसब व हाताशी असलेले कसब निराळे. ही तफावत कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे कौशल्य-प्रशिक्षण होय. त्यासाठी शासनाच्या योजना आहेत. तथापि गावाकडून जाणारे अर्ज बहुधा “आमच्या गावात बेकारी फार आहे, तरी प्रशिक्षण मंजूर व्हावे” एवढ्याच मजकुराचे असतात. अशा अर्जावर मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यास निर्णय करता येत नाही. कारण बेकार किती, कोणत्या महिन्यांत, आणि शिकल्यावर त्यांना काम कोण देणार, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नसते.

मोजणीची परंपरा

खेड्यातील श्रमाची मोजदाद करणे महाराष्ट्रास नवे नाही. डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये निघाला. या दोन्ही कालव्यांचे पाणी याच जिल्ह्यात येते. कालव्याचे पाणी आले म्हणजे केवळ पीक बदलत नाही, कामाचे स्वरूपही बदलते. श्रीगोंद्यात घोड व कुकडी प्रकल्पांच्या पाण्याने ऊस, द्राक्ष, लिंबू व कांदा वाढला. त्याबरोबर छाटणी, फवारणी, ठिबक संचाची देखभाल, यंत्रदुरुस्ती, प्रतवारी अशी कसबाची कामे उत्पन्न झाली. हा बदल आकड्यांत मांडणे हेच अर्जाचे खरे बळ आहे.

आकडे कोठे मिळतात

पहिला आधार जनगणनेचा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावातील काम करणाऱ्यांची संख्या मुख्य व सीमांतिक अशा दोन वर्गांत दिलेली आहे. वर्षातून सहा महिने वा अधिक काळ काम करणारा तो मुख्य कामकरी, आणि त्याहून कमी काळ काम करणारा तो सीमांतिक. शिवाय शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील व इतर असे चार विभागही केलेले आहेत. ज्या गावात सीमांतिक शेतमजुरांचे प्रमाण मोठे, तेथे अर्धे वर्ष रिकामे जाते, असा प्राथमिक निष्कर्ष काढता येतो. मात्र हे आकडे जुने आहेत. अर्जात त्यांचे वर्ष अवश्य लिहावे.

दुसरा आधार रोजगार हमीच्या नोंदींचा. वि. स. पागे यांच्या पुरस्काराने सुरू झालेल्या या योजनेस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कोणत्या महिन्यात किती कुटुंबांनी काम मागितले, हे ग्रामपंचायतीच्या मागणी-नोंदींवरून व हजेरीपटांवरून समजते. परंतु मागणी कमी म्हणजे गरज कमी, असे धरू नये. मजुरी उशिरा मिळत असेल किंवा काम लांब असेल, तर गरजूही मागणी करीत नाहीत.

तिसरा आधार पीकपाहणीचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून पीक नोंदविण्याची ई-पीक पाहणी सुरू झाली. गावात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, हे कळले म्हणजे कोणत्या कसबाची मागणी कोणत्या महिन्यात येईल, याचा अंदाज बांधता येतो.

चौथा आधार केंद्र शासनाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा. हे सर्वेक्षण २०१७ पासून होत आहे. ते नमुना पद्धतीचे असल्याने एखाद्या गावाची स्थिती त्यावरून सांगता येत नाही. राज्याच्या एकंदर परिस्थितीशी तुलना करण्यापुरताच त्याचा उपयोग करावा. राज्याचा आकडा गावाचा म्हणून लिहिणे ही अर्जातील नेहमीची चूक आहे, आणि छाननीत ती प्रथम उघडी पडते.

गावाची स्वतःची पाहणी

वरील आधार पुरेसे नाहीत. त्यांना गावातील ताज्या पाहणीची जोड हवी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने बारा महिन्यांचा एक तक्ता आखावा. एका बाजूस गावातील कामे लिहावीत : ऊसतोडणी, कांद्याची लागण व काढणी, द्राक्षाची एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरमधील फळछाटणी, लिंबाची तोडणी व प्रतवारी. प्रत्येक कामासमोर महिना, लागणारी माणसे, रोजचा दर, आणि माणूस गावातला की बाहेरचा, हे नोंदवावे. नंतर मजूर कुटुंबांकडे जाऊन घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस कोणत्या महिन्यांत किती दिवस काम मिळाले, हे विचारावे. स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे. घरच्या शेतात राबणारी स्त्री “काही करीत नाही” असे पुष्कळदा घरातील पुरुष सांगतात; वस्तुतः घरच्या शेतातील बिनपगारी श्रम जनगणनाही कामातच धरते.

दोन्ही बाजू शेजारी मांडल्या म्हणजे रिकामे महिने व टंचाईचे महिने आपोआप डोळ्यांसमोर येतात.

एक उदाहरण

पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, तीन गावांत मिळून १२० शेतकऱ्यांकडे ठिबक संच आहेत. प्रत्येक संचास वर्षातून तीन वेळा जाणत्या कारागिराची गरज लागते. म्हणजे ३६० भेटी झाल्या. एक कारागीर दिवसास दोन संच पाहू शकतो. तेव्हा एकूण काम १८० दिवसांचे. शेतीची इतर कामे सांभाळून दोन तरुणांनी हे काम वाटून घेतले, तर प्रत्येकास वर्षाकाठी ९० दिवसांचे काम मिळेल.

या हिशेबातून महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. या तीन गावांसाठी तीस तरुणांच्या वर्गाची मागणी केल्यास अठ्ठावीस जणांना शिकूनही काम मिळणार नाही. त्याच प्रमाणाने तीस जणांना काम पुरण्यास पंचेचाळीस गावे लागतील. म्हणून असा अर्ज एका गावाने न करता अनेक गावांनी एकत्र करावा, अथवा प्रशिक्षणात फवारणी-यंत्रांची व पंपांची दुरुस्ती जोडून कामाचे दिवस वाढवावेत. आकडा नेहमी मागणी वाढविण्यासाठीच असतो असे नव्हे. ती योग्य मापात आणणे हेही त्याचे काम आहे.

अर्जाची मांडणी

प्रथम रिकाम्या महिन्यांचा व टंचाईच्या महिन्यांचा तक्ता द्यावा. त्याखाली प्रत्येक आकड्याचे मूळ व वर्ष लिहावे. नंतर काम देऊ इच्छिणाऱ्यांची यादी जोडावी. बागाईतदार, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा कारखाना यांच्याकडून “इतक्या माणसांना इतके दिवस काम देऊ” असे लेखी घ्यावे. तिसऱ्या भागात प्रशिक्षणार्थी कसे निवडले, त्यांत भूमिहीन व स्त्रिया किती, हे सांगावे. अखेरीस प्रशिक्षणानंतर तीन व सहा महिन्यांनी किती जण त्या कामावर आहेत, याची नोंद कोण ठेवणार, ते स्पष्ट करावे.

कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा अर्थात आत्मा, बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे, आणि अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, यांपैकी कोणाचा वर्ग कोणत्या विषयास योग्य, याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी करावी. प्रत्येक योजनेचे नियम निराळे असल्याने चालू वर्षाचे परिपत्रक पाहूनच अर्ज भरावा.

वर्गाची वेळ

एक खबरदारी विशेष महत्त्वाची आहे. रोजंदारीवरील मजूर सात दिवस वर्गात बसला, तर त्याच्या घरी सात दिवसांची मजुरी येत नाही. ज्या घरी हातावर पोट आहे, तेथे हा खर्च प्रशिक्षणाच्या शुल्कापेक्षाही जड असतो. म्हणून तक्त्यात जो महिना रिकामा दिसेल, त्याच महिन्यात वर्ग मागावा. आणि ज्या कसबास काम आहे असे सिद्ध झाले आहे, तेच शिकवावे. नाही तर आठवडाभराची मजुरी बुडवून घरी न्यावयास केवळ एक प्रमाणपत्र उरते, आणि पुढच्या वर्गाला तो मजूर पुन्हा येत नाही.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा तक्ता प्रतिवर्षी खरिपापूर्वी तयार करून ग्रामसभेत वाचून दाखवावा. चुका असतील त्या गावकरीच दुरुस्त करतील. असा तपासलेला तक्ता हाती असला, म्हणजे अनुदानाची संधी येईल तेव्हा अर्जासाठी धावाधाव करावी लागणार नाही, आणि मंजूर होणारे प्रशिक्षण गावाच्या खऱ्या गरजेला धरून होईल.