नाव बदलले, पण...



आपल्या निपाणीजवळच्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी शिवरायांवर मूकपट काढला. त्याच्या नावात ‘स्वराज्य’ होते. इंग्रजांच्या सेन्सॉरला तो शब्दच खटकला! अखेर नाव ‘उदयकाल’ ठेवावे लागले. पण शिवराय पडद्यावर राहिलेच.

आफ्रिकेतील सेनेगल १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. तेथील उस्मान सेम्बेन फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहीत. पण बहुतेक देशबांधवांना वाचता येत नव्हते. म्हणून ते सिनेमाकडे वळले. १९६८ चा ‘मंदाबी’ त्यांनी वोलोफ या लोकभाषेत काढला.

माझी पदवी हिंदी माध्यमातली. मनातले मात्र मायबोलीतच येते.

स्वाध्याय : सत्ता एका शब्दाला का भिते? घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून दहा ओळी लिहा.

– मुख्याध्यापक