पडद्याचे खरे माप

संगणकाचा एखादा पडदा २४ इंची आहे, असे दुकानदार सांगतो. मुलांनो, पट्टी लावून त्याची रुंदी मोजाल, तर ती २१ इंचांहून किंचित कमीच भरेल. मग दुकानदार खोटे बोलला काय? मुळीच नाही. पडद्याचे माप कर्णावर, म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत घेण्याची रीत आहे. भोवतालची चौकट त्यात धरीत नाहीत.

पडद्यावरील अक्षर रांगोळीप्रमाणे ठिपक्यांचे बनते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. २४ इंची पडद्यावर बहुधा १९२० आडवे व १०८० उभे पिक्सेल असतात; म्हणजे इंचामागे सुमारे ९२. पण एखाद्या २७ इंची पडद्यावर ३८४० आडवे व २१६० उभे पिक्सेल असतात. तेथे इंचामागे सुमारे १६३ भरतात. परिणाम पाहा. २० ठिपके उंचीचे अक्षर पहिल्या पडद्यावर साडेपाच मिलिमीटर दिसते, तर दुसऱ्यावर जेमतेम तीन. पडदा मोठा, अक्षर मात्र लहान. आजोबा बिचारे चष्मा पुसत बसतात! अशा वेळी संगणकाला १७५ टक्के प्रमाण नेमून द्यावे. मग त्याच अक्षराच्या उंचीला ३५ ठिपके मिळतात आणि ते पुन्हा साडेपाच मिलिमीटरांच्या जवळ येते. काही लोक त्याऐवजी पिक्सेलांची संख्याच कमी करतात. त्याने अक्षर मोठे होते खरे, पण त्याच्या कडा पुसट होतात.

आता प्रश्न असा, की समोरचा पडदा केवढा आहे हे संगणकास कळते कसे? त्याला तर डोळे नाहीत! पडदाच तारेतून आपले ओळखपत्र त्याच्याकडे धाडतो. या ओळखपत्राचा नमुना १९९४ साली ठरला. त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा असून त्यांतील दोन बाइटांत पडद्याची रुंदी व उंची सेंटिमीटरांत लिहिलेली असते. आपल्या २४ इंची पडद्याच्या ओळखपत्रात ५३ व ३० हे आकडे असावयास हवेत.

परंतु ओळखपत्रही चुकते. काही दूरचित्रवाणी संचांनी तेथे १६ व ९ एवढेच लिहिलेले आढळते. हे वास्तविक रुंदी व उंची यांचे गुणोत्तर. पण संगणक त्यांना सेंटिमीटरच समजतो. भिंतीवरचा ४० इंची पडदा त्याच्या लेखी पोस्टकार्डाहून थोडाच मोठा ठरतो! १९२० ठिपके १६ सेंटिमीटरांत, म्हणजे इंचामागे ३०५, असा हिशेब करून जो संगणक त्या आकड्यांवर विसंबतो, तो प्रत्येक अक्षर तिप्पट करून टाकतो. त्या मानाने प्रक्षेपक अधिक प्रामाणिक. त्याच्या चित्राचा आकार भिंतीच्या अंतराप्रमाणे बदलत असल्यामुळे तो त्या दोन्ही जागी शून्य लिहू शकतो.

अक्षरे विचित्र दिसू लागली, तर मोजपट्टी घ्या. पडद्याची रुंदी इंचांत मोजा आणि तिने आडव्या पिक्सेलांच्या संख्येस भागा. विंडोज प्रणालीत इंचामागे ९६ ठिपके म्हणजे १०० टक्के, असा संकेत आहे. तुमचा भागाकार १६३ आला, तर १६३ भागिले ९६ म्हणजे सुमारे १.७, म्हणून १७५ टक्के हे जवळचे प्रमाण निवडावे.