पांखरांच्या वाटा व रक्ताची साक्ष

हस्ताचा पाऊस संपून आकाश निवळलें म्हणजे आपल्याकडे पाहुण्या पक्ष्यांचे दिवस सुरू होतात. तळ्यांवर बदकें उतरतात. अंगणांत धोबी शेपटी हालवीत चालूं लागतो. आणि आंब्याच्या दाट पानांत बोटभर लांबीचा एक हिरवट पक्षी किडे टिपतां टिपतां दोन अक्षरी तीक्ष्ण साद घालतो. साद वारंवार ऐकूं येते. पक्षी मात्र क्वचितच दिसतो. त्याचें नांव हिरवट पर्णवटवट्या. वजनानें तो पाऊण तोळाहि भरत नाहीं.

हा कोठून आला असें विचारल्यास 'उत्तरेकडून' असें सांगून आपण मोकळे होतों. परंतु उत्तर दिशा हें कांहीं गांवाचें नांव नव्हे. काश्मीरच्या रानांत जन्मलेला आणि थेट फिनलंडच्या बाजूस जन्मलेला असे दोन पर्णवटवटे आपल्या डोळ्यांस जवळजवळ सारखेच दिसतात; पण त्यांच्या जन्मभूमी हजारों मैल दूर आहेत, व त्यांजवर येणारीं संकटेंहि निराळीं आहेत. एकाच जातीच्या, परंतु विशिष्ट प्रदेशांत घरटीं करणाऱ्या पक्ष्यांच्या समूहास आपण येथें 'कूळ' म्हणूं. एखाद्या कुळाची संख्या घटूं लागली, तर दोष घरट्याच्या रानाचा, वाटेवरील मुक्कामाचा, कीं हिंवाळ्यांतील आसऱ्याचा, हें ठरविण्यास त्या कुळाची सबंध वाट ठाऊक असावी लागते. ही वाट कशी शोधून काढावी?

पहिला उपाय कड्याचा. इ. स. १८९९ मध्यें डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेन्सेन या गृहस्थांनीं साळुंकीच्या जवळच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत अंक कोरलेलीं ॲल्युमिनियमचीं कडीं अडकविलीं. हे गृहस्थ व्यवसायानें शिक्षक होते, हें आम्हां शिक्षकांनीं अभिमानानें सांगावयास हरकत नाहीं! हिंदुस्थानांत १९२६ च्या सुमारास धारच्या महाराजांच्या आश्रयानें व बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साह्यानें बदकांच्या पायांत अशीं कडीं घालण्यास आरंभ झाला. उपाय उत्तम खरा. पण कडें घातलेला पक्षी पुन्हां कोणाच्या तरी हातीं लागला पाहिजे, आणि त्या माणसानें तो अंक कळविला पाहिजे. बदकें शिकाऱ्यांच्या हातीं पडतात, म्हणून त्यांचीं कडीं परत येतात. पाऊण तोळ्याचा पक्षी सैबेरियाच्या अरण्यांत मरून पडला, तर त्याचें कडें कोण शोधणार? अशा लहान पक्ष्यांच्या बाबतींत शंभर कड्यांतील एखाद्याचीहि वार्ता मिळेल असा भरंवसा नसतो.

म्हणून शास्त्रज्ञांनीं पक्ष्याच्या पायांतील खुणेऐवजीं त्याच्या रक्तांतील खूण वाचण्यास आरंभ केला. प्राण्याच्या पेशींत डीएनए नांवाचा एक अतिशय लांब व बारीक तंतु असतो. चार रासायनिक घटक या तंतूवर एकापुढें एक अशा विशिष्ट क्रमानें मांडलेले असतात. जणूं चारच अक्षरांच्या वर्णमालेंत लिहिलेला ग्रंथच! पक्ष्यांचा हा ग्रंथ सुमारें शंभर कोटी अक्षरांचा असतो. आईबापांकडून पिलांकडे त्याची नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर बदलतें, आणि तो बदल पुढील पिढ्यांत उतरत जातो.

यास आपल्या परिचयाचा एक दृष्टान्त आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील पंडितांनीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार केली. ती १९६६ मध्यें पूर्ण झाली. त्या कामीं त्यांनीं देशोदेशींच्या शेंकडों पोथ्या ताडून पाहिल्या. ज्या पोथ्यांत तेच ते पाठभेद आढळले, त्या एका परंपरेच्या. आणि या रीतीनें उत्तरेकडील व दक्षिणेकडील असे पोथ्यांचे दोन मोठे प्रवाह वेगळे काढतां आले. पोथीवर गांवाचें नांव नसलें तरी ती कोणत्या प्रवाहांतील आहे, हें तिच्या पाठभेदांवरूनच कळतें. पक्ष्यांच्या बाबतींतहि नेमकें हेंच घडतें. पुष्कळसे पक्षी ज्या प्रदेशांत जन्मले त्याच प्रदेशांत परत येऊन तेथील शेजाऱ्यांशींच जोड जमवितात. त्यामुळें एका कुळांतील पाठभेद त्याच कुळांत राहतात व सांठत जातात.

नमुना घेण्यास पक्षी मारावा लागत नाहीं. माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसतें, म्हणून त्यांत हा ग्रंथहि नसतो. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत मात्र तो असतो. यास्तव पक्ष्याच्या रक्ताचा एक लहानसा थेंबहि पुरतो. पिसाच्या बुडाशीं चिकटलेल्या थोड्याशा पेशीहि चालतात. कारण कॅरी म्युलिस यांनीं १९८३ मध्यें शोधलेल्या पीसीआर या कृतीनें डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या लक्षावधि नकला करतां येतात. बारीक जाळ्यांत पक्षी धरावा, एक पीस काढून घ्यावें आणि त्यास सोडून द्यावें, इतकेंच.

प्रवासाची दिशाहि याच वंशलेखांतून येते, हें जर्मनींत झालेल्या प्रयोगांनीं दाखविलें. तेथें काळ्या टोपीचा ब्लॅककॅप नांवाचा एक वटवट्या आहे. नैर्ऋत्य जर्मनींतील ब्लॅककॅप शरदृतूंत नैर्ऋत्येस जातात. पूर्व ऑस्ट्रियांतील आग्नेयीस वळतात. आंद्रेआस हेल्बिग यांनीं या दोन कुळांच्या पक्ष्यांच्या जोड्या पिंजऱ्यांत जमविल्या व त्यांचीं पिलें हातानें वाढविलीं. त्या पिलांनीं प्रवास कधीं पाहिला नव्हता. वाट दाखविण्यास वडीलधारे पक्षी जवळ नव्हते. प्रवासाची रात्र आली तेव्हां पिंजऱ्यांतील त्यांची धडपड दोहोंच्या मधल्या दिशेकडे, म्हणजे साधारणपणें दक्षिणेकडे होती. १९९१ मध्यें हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन वाटांच्या संकरांतून तिसरीच वाट निघाली, ही गोष्ट प्रथम वाचतांना विस्मय वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां पुन्हां आपल्या पर्णवटवट्याकडे वळूं. तिबेटच्या उजाड पठारावर झाडें नाहींत, म्हणून तेथें त्याचें घरटें नाहीं. परंतु पठाराच्या सभोंवतीं त्याच्या वस्तीचें जणूं एक कडेंच पडलें आहे. हिमालयापासून पश्चिमेच्या बाजूनें काश्मीर, मध्य आशिया व तेथून पश्चिम सैबेरिया. आणि पूर्वेच्या बाजूनें चीन व पूर्व सैबेरिया. या कड्याचीं दोन टोकें मध्य सैबेरियांत एकत्र येतात. तेथें दोन्ही बाजूंचे पक्षी एकाच रानांत घरटीं बांधतात, तरी सहसा एकमेकांशीं जोड जमवीत नाहींत. क्लॉड टाइसहर्स्ट यांनीं १९३८ च्या आपल्या ग्रंथांत ही मांडणी पंखांवरील पट्टे, रंग व आकार यांवरून केली होती. पुढें डॅरन अर्विन व त्यांचे सहकारी यांनीं कड्याच्या निरनिराळ्या भागांतून रक्ताचे नमुने गोळा केले व गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. २००१ व २००५ मध्यें त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कड्यावरून चालत गेल्यास शेजारशेजारच्या कुळांचा वंशलेख बहुतांशीं हळूहळू बदलत जातो. मात्र उत्तरेंत जीं दोन टोकें मिळतात त्यांत मोठें अंतर पडलेलें असतें. गाण्याचेंहि तसेंच. दक्षिणेंतील लहान व साधें गाणें दोन्ही वाटांनीं लांबत गेलें, परंतु दोन निराळ्या रीतींनीं. आणि सैबेरियांत एका बाजूच्या नरास दुसऱ्या बाजूचें गाणें ऐकविलें, तर तो प्रतिस्पर्धी आल्यासारखा चवताळत नाहीं. २०१४ मध्यें अधिक बारकाईनें वंशलेख वाचला गेला, तेव्हां कड्यांत मागें कांहीं काळ खंड पडले असावेत व टोकांमध्येंहि थोडी देवघेव झाली असावी, असें दिसून आलें. चित्र थोडें गुंतागुंतीचें झालें. पण माझ्या मतें तें त्यामुळें अधिक विश्वसनीयच झालें.

या दोन टोकांच्या हिंवाळी वाटाहि भिन्न आहेत. पूर्वेकडील पक्षी चीनमार्गें ब्रह्मदेश, सयाम व त्यांपलीकडील देशांत जातात. पश्चिमेकडील पक्षी पठारास पश्चिमेकडून वळसा घालून हिंदुस्थानांत उतरतात, व सह्याद्रीच्या रानांत आणि आपल्या आमरायांत हिंवाळा काढतात. मिश्र पिलांनीं ब्लॅककॅपच्या पिलांप्रमाणें मधली दिशा धरली, तर ती त्यांस तिबेटच्या पठारावरच घेऊन जाईल; कदाचित् दोन कुळें अलग राहण्याचें हेंहि एक कारण असावें, असा तर्क करण्यांत आला आहे. हिंवाळ्यांत प्रत्येक पक्षी आपल्या वांट्याचीं कांहीं झाडें एकट्यानें राखून असतो. म्हणजे येथील एखादी जुनी राई तुटली, तर तिचा फटका साऱ्या जातीस सारखा बसत नाहीं. पश्चिमेकडच्या कुळांतील पक्ष्यांचाच आसरा जातो.

अमेरिकेंत या विद्येचा व्यवहारांत उपयोग झाला आहे. तेथील विल्सन्स वार्बलर या पिंवळ्या पक्ष्याचे सोळाशेंहून अधिक नमुने घेऊन, वंशलेखांतील अवघीं ९६ अक्षरें तपासून, क्रिस्टन रग व सहकाऱ्यांनीं २०१४ मध्यें त्याचीं सहा कुळें वेगळीं ओळखलीं. मग वाटेवर धरलेल्या पक्ष्याचें एक पीस पाहून तो कोठें निघाला आहे हें सांगतां येऊं लागलें. ॲरिझोनांतील एका मुक्कामावर असें दिसलें कीं, वसंतांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडील पक्षी आधीं निघून जातात, व दूर उत्तरेस जाणारे मागाहून येतात. एकाच झाडावर पंधरा दिवसांच्या अंतरानें बसलेले दोन पक्षी दोन निराळ्या कुळांचे असूं शकतात! पूर्वी आपण दोघांची मोजदाद एकत्र करीत होतों, आणि एक कूळ खालावत असलें तरी दुसऱ्याच्या संख्येंत तें झांकून जात होतें.

मात्र ही किल्ली प्रत्येक कुलपास लागते असें समजूं नये. मॅलार्ड बदकाच्या जोड्या हिंवाळी तळ्यांवरच जमतात. मादी आपल्या जन्मस्थानीं परतते, आणि नर, त्याचा जन्म कोठेंहि झालेला असो, तिच्या पाठोपाठ जातो. त्यामुळें दूरदूरच्या प्रदेशांतील वंशलेख सतत मिसळत राहतात व कुळें वेगळीं ओळखूं येत नाहींत. अशा बदकांच्या बाबतींत धारच्या महाराजांचें साधें कडेंच अधिक बोलकें ठरतें.

याउलट, लहान पक्ष्यांसाठीं जुन्या संग्रहांतील कातडीं उपयोगीं पडतात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटांत पूर्वीच्या पिढ्यांनीं भरून ठेवलेले पक्षी चिठ्ठ्यांसह जपून ठेवले आहेत. चिठ्ठीवर गांव व तारीख असते. अशा पक्ष्याच्या पायाच्या तळव्याची बारीकशी कपची घेतली, तरी तींतून मोडकातोडका कां होईना, पण वाचतां येण्याजोगा वंशलेख मिळूं शकतो. त्यावरून शंभर वर्षांपूर्वी येथें कोणत्या कुळाचे पाहुणे येत, व आज कोणत्या कुळाचे येतात, हें ताडून पाहतां येतें.