वजनाचा काटा आणि खेळाडू मुलीची पाळी

नौकानयन म्हटले की आपल्याला नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो उतरला होता. आज मात्र इंग्लंडच्या इमोजेन ग्रँट या खेळाडूची ओळख करून द्यायची आहे. ती माझ्याच पेशातली आहे हे एक कारण. दुसरे कारण आपल्या घरातल्या मुलींशी संबंधित आहे.

केंब्रिज विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेताना इमोजेनने प्रथम वल्हे हाती धरले. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये एमिली क्रेगसोबत तिची दुहेरी नौका चौथी आली. कांस्यपदक हुकले ते सेकंदाच्या अवघ्या शंभराव्या भागाने! दोघी खचल्या नाहीत. २०२२ व २०२३ मध्ये त्या जगज्जेत्या ठरल्या आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर इमोजेन सरकारी रुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाली.

त्यांचा गट 'लाइटवेट' होता. या गटात कोणत्याही महिलेचे वजन ५९ किलोपेक्षा जास्त चालत नाही आणि जोडीची सरासरी ५७ किलोच्या आत लागते. म्हणजे एकीचे ५८ भरले, तर दुसरीचे ५६ च हवे. शर्यतीपूर्वी एक ते दोन तास आधी वजन होते आणि मग २००० मीटर जिवाच्या आकांताने वल्हवायचे. १९९६ मध्ये ऑलिंपिकमध्ये आलेला हा महिला गट पॅरिसनंतर बंद झाला. २०२८ च्या कार्यक्रमात तो नाही.

अशा खेळाडूंच्या मागे आहारतज्ज्ञ व डॉक्टर असतात. वजन महिनोन्‌महिने हिशेबाने राखले जाते. आपल्याकडे कबड्डी, कुस्तीच्या वजनगटात बसण्यासाठी मुली काय करतात? स्पर्धेआधी आठवडाभर रात्रीचे जेवण सोडतात, पाणीही तोडतात. अशा मुली मला दवाखान्यात दिसतात. चेहरा फिकट, पाय दुखतात आणि पाळी चार-चार महिने नाही. आई म्हणते, "खेळामुळे होतं, डॉक्टर."

वाचकहो, हा गैरसमज आहे. सराव भरपूर आणि अन्न अपुरे असे झाले की शरीर काटकसर सुरू करते. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, पाळी थांबते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते. हाडे बळकट ठेवणारे हेच संप्रेरक. ते कमी पडले की नडगीच्या हाडाला, नौकानयनपटूंमध्ये बरगडीलाही, बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या विकाराला स्वतंत्र नाव दिले. मुलांनाही तो होऊ शकतो.

पालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा वयाची १५ वर्षे होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

२) एकाच जागी हाड दुखत राहिले तर नुसते मलम चोळू नये. सराव थांबवून तपासणी करावी.

३) सरावानंतर लवकर खायला द्यावे : भाकरी, उसळ, शेंगदाण्याचा लाडू, दूध, अंडे, जे घरात असेल ते.

४) हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. जेवणाबरोबर चहा नको, लिंबू जरूर घ्यावे.

५) वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणे, जुलाबाची किंवा लघवीची गोळी घेणे धोक्याचे आहे.

६) वाढत्या वयाच्या मुलीला खालच्या वजनगटात कोंबण्यापेक्षा वरच्या गटात खेळू द्यावे.

उतरवलेले दोन किलो पुन्हा भरून येतात. वाढीच्या वयात न भरलेले हाड पुढे भरून काढणे फार अवघड जाते. मुलीला जरूर खेळू द्या, पण तिच्या वजनाबरोबर तिच्या पाळीचीही चौकशी करा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.