विज्ञानाची उजळणी: पुस्तक मिटून सुरुवात

सहावी ते आठवीच्या विज्ञान-भूगोलात अवघड असे फारसे काही नसते. गुण जातात ते सारख्या दिसणाऱ्या शब्दांत आणि लहानपणापासून मनात बसलेल्या चुकीच्या समजुतींत. म्हणून उजळणीचा निम्मा वेळ या दोन गोष्टींना द्या.

काय करावे

आधी कोरे पान घ्यावे. पुस्तक मिटून पेशीची आकृती काढावी, नावे द्यावीत, मग पुस्तक उघडून लाल पेनाने स्वतःच तपासावे. तेच पान तिसऱ्यांदा वाचले की सगळे ओळखीचे वाटू लागते आणि आपल्याला येते असा भास होतो. कोऱ्या पानापुढे तो भास टिकत नाही.

शब्दांच्या जोड्या लावून ठेवाव्यात. परिवलन म्हणजे पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे, परिभ्रमण म्हणजे सूर्याभोवती. विदारणात खडक जागच्या जागी फुटतो किंवा कुजतो. त्याचा भुगा नदी-वाऱ्याने वाहून नेला की ते काम वेगळे. सगळ्यांत फसवी जोडी हवा आणि हवामान. आज दुपारी नागपुरात किती तापले, ही हवा. नागपूरचा उन्हाळा कडक असतो, हे अनेक वर्षांच्या सरासरीवरून सांगितलेले हवामान. गंमत अशी की रोजच्या हवेचा अंदाज देणाऱ्या खात्याला आपण हवामान खाते म्हणतो. मुले गोंधळली तर त्यांचा काय दोष?

स्वयंपाकघरात जाऊन यावे. बटाटा मातीखाली वाढतो, तरी तो मूळ नाही, खोड आहे. टोपलीत आठवडाभर राहिलेला बटाटा बघा: त्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतात. रताळे मात्र खरेच मूळ. बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाका, तो निळा-काळा होतो, कारण तिथे पिष्टमय पदार्थ साठलेला असतो. भाताच्या शितावरही तेच. (ते शीत नंतर खायचे नाही.) रात्री भिजवलेला हरभरा सोलला की दोन डाळिंब्या अलग होतात, मक्याचा दाणा तसा उकलत नाही. द्विदल आणि एकदल हा फरक एवढ्यावर कायमचा लक्षात राहतो.

खडक हातात घ्यावा. खडकांचे चक्र बाणांसकट पाठ करण्यापेक्षा चार दगड आठवा. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला अग्निजन्य खडक. अजिंठा-वेरूळची लेणी याच खडकात कोरली आहेत. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर साचले. घाटात डोंगराला पायऱ्या दिसतात त्या यामुळे. कोकणातला तांबडा जांभा उष्णतेत आणि मुसळधार पावसात खडकाचे विदारण होऊन बनला. देव्हाऱ्याचा संगमरवर हा मुळात चुनखडक, उष्णता आणि दाबाने रूपांतरित झालेला. चंद्रपूरचा कोळसा गाळाच्या थरांत सापडतो. चारही नमुने कुणाच्या ना कुणाच्या घरी, नाहीतर शाळेच्या कपाटात मिळतील.

काय टाळावे

“उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते” असे कधीही लिहू नये. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैत ते अंतर 15.2 कोटी होते. जानेवारीत आपण स्वेटर घालतो, यावरून काय ते समजा. ऋतूंचे कारण पृथ्वीचा 23.5 अंशांनी कललेला आस. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. त्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग सहसा ते बघू देत नाहीत, म्हणून मे चुकवू नका.

अन्नसाखळीत बाण उलटा काढू नये. “साप बेडकाला खातो” या वाक्यामुळे हात आपोआप सापाकडून बेडकाकडे वळतो. बाण ऊर्जा कुठे जाते ते दाखवतो. गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे, मग सापाकडे. माझ्याकडे येणारी हुशार मुलेसुद्धा इथे गुण घालवतात.

वनस्पती रात्रीच श्वसन करतात, हे विसरून जावे. त्या चोवीस तास श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याहून जोरात चालते, म्हणून एकूण हिशेबात ऑक्सिजन बाहेर पडतो.

कोळ्याला कीटक, वटवाघळाला पक्षी आणि अळंबीला वनस्पती म्हणणे टाळावे. उंटाच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. यावर जास्त वेळ घालवू नका.

आकृती रंगवत बसू नये. पेन्सिलीची स्वच्छ रेघ आणि बरोबर नावे पुरेत.

चंद्राच्या कलांना पृथ्वीच्या सावलीचे निमित्त देऊ नये. सावलीमुळे होते ते चंद्रग्रहण, आणि ते फक्त पौर्णिमेला. अमावस्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो आणि पृथ्वीची सावली विरुद्ध बाजूला, मग ती चंद्र झाकणार कशी? चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. त्यातला किती आपल्याला दिसतो, त्यावर कला ठरते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटे उशीर करतो. त्यामुळे संकष्टीचा उपास सोडायला आजीला रात्री नऊच्या मागेपुढे वाट बघावी लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या संकष्टीची चंद्रोदयाची वेळ छापलेली आहे. ती आजच बघून ठेवा आणि त्या रात्री वही घेऊन आजीबरोबर गच्चीवर जा.