मक्त्याची विहीर आणि मजुरांचा जीव

भोर-वेल्ह्यांत विहिरीचें काम बहुधा मक्त्यानें देतात. मुरूम संपून काळा कातळ लागला कीं सुरुंग आले व जिवाचा धोकाही आला. तो मक्तेदाराचा विषय, असें समजून मालकानें बांधावर बसूं नये.

करारांतच लिहावें: सुरुंग परवानाधारकानेंच उडवावा, न उडालेल्यास इतरांनीं हात लावूं नये, यारी व दोर हीं रोज तपासावीं, काठावर दगड रचूं नयेत.

जुन्या विहिरींत कंदील सोडून हवा पाहतात. तो विझल्यास उतरूं नयेच; पण तेवत राहिला तरी निर्धास्त होऊं नये. विहिरींत इंजिन चालविल्यास होणारा कार्बन मोनॉक्साइड वायु ना वासानें कळत, ना कंदिलानें. यास्तव इंजिन काठापासून दूर ठेवावें.

पंचनामे लिहितांना आम्हीं पाहिलें कीं, एकास काढावयास दुसरा धांवला व दोघेही गेले. मक्ता कामाचा देतां येतो. माणसांच्या जिवाचा नव्हे.